फांदी पाण्यात ठेवावी की कोकोपीटमध्ये?

मनीप्लांट पाण्यात फुटतो हे शेंबडं पोरही सांगेल, तेव्हा तो बाजूला ठेवू. खरा पेच पडतो तो जास्वंद, मोगरा, क्रोटन किंवा एखादा चांगल्या रंगाचा ॲग्लोनेमा हाती लागतो तेव्हा. फांदी एकच असते, पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो आणि जागा म्हणाल तर खिडकीच्या ग्रिलमधली हातभर. मुळं फुटायला २४ ते ३० अंश तापमान पुरतं आणि ते मुंबईच्या घरात जवळपास वर्षभर मिळतं. एसीच्या खोलीत मात्र फांदी नुसती ताटकळते. त्यामुळे पाणी आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) या दोन्ही पद्धती इथे चालतात, पण त्रास दोन्हींचा वेगळा.

फांदी घ्यायची रीत दोन्हीकडे सारखीच. चार ते सहा इंच लांबी, दोन-तीन डोळे, खालचा काप डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर खाली आणि तोही नव्या ब्लेडने. बोथट कात्रीने देठ चेमटतो आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. कळ्या-फुलं खुडायची, खालची पानं काढायची, वरची मोठी असतील तर अर्धी कापायची. क्रोटनचा चीक वाहत्या पाण्याखाली धुऊन टाकायचा. अडेनियम आणि जेडचे तुकडे आधी तीन-चार दिवस सावलीत सुकवून मगच लावायचे, आणि तेही पाण्यात नकोतच.

पाण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती दिसायला फारच सोपी आहे. खर्च नाही, माती नाही, आणि मुळं आली की नाहीत ते डोळ्यांनी दिसतं. तुळस, पुदिना, कोलियस, सिंगोनियम ही मऊ देठाची मंडळी आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं सोडतात. पथ्यं दोनच: एक-दोन डोळेच पाण्याखाली हवेत आणि एकही पान बुडता कामा नये. उन्हात साध्या काचेच्या बाटलीत शेवाळ धरतं, म्हणून तपकिरी बाटली बरी. पाणी जितकं कोमट, तितका त्यात प्राणवायू कमी. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये देठ बुळबुळीत होण्याचं प्रमाण वाढतं. त्यावर उपाय म्हणजे दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलणं.

मुंबईत ते तसंही बदलावंच लागतं. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यावर वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं तपासणीला आली की मनीप्लांटच्या बाटल्या आणि फेंगशुईचे बांबू आधी बघतात ते उगाच नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. बाटली आतून ब्रशने घासायला हवी, आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत ते किती जमतं ते करून पाहा.

एवढंही चालवून घेता येईल. माझा कल बदलला तो कुंडीत लावायच्या वेळी होणाऱ्या तापामुळे. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि मातीतून पाणी ओढणारे बारीक केस त्यांच्यावर फारसे नसतात. बाटलीबाहेर काढली की ती ओल्या केसांसारखी एकमेकांना चिकटतात. मातीत पसरून लावायला जावं तर तुटतात, न पसरावं तर आत गोळा होऊन कुजतात. दोन दिवसांत पानं माना टाकतात. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी ओततो आणि उरलीसुरली मुळंही जातात. झाडाला मातीसाठी नवी मुळं काढावी लागतात, म्हणजे एकच काम दोनदा. मऊ देठाची झाडं यातून तगतात. जास्वंदासारखं लाकडी देठाचं झाड आधीच पाण्यात साठलेलं बळ संपवून बसलेलं असतं, ते बहुधा जातंच.

पाण्यातच लावायचं ठरलं असेल तर मुळं इंचभर झाली की लगेच हलवा. पाच-सहा इंची झुपका बघायला छान वाटतो, पण तोच पुढे नडतो. लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस माती एरवीपेक्षा ओलसर आणि झाड पूर्ण सावलीत.

कोकोपीटमध्ये हा बदलीचा घोळ नाही. मुळं पहिल्यापासून हवा आणि ओल दोन्हींत वाढतात आणि भोवतालच्या गोळ्यासकट कुंडीत जातात. त्रास आहे तो सुरुवातीला. विटेतल्या कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असतं, कारण नारळाची सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजवलेली असू शकतात. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलं असलं तरी दोन-तीन पाण्यांतून काढावं, तपकिरी रंग फिका होईपर्यंत. मग दोन भाग कोकोपीटला एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे). परलाइट नसेल तर धुतलेली जाडसर नदीची वाळू चालते, चौपाटीची चुकूनही नको. मूठभर मिश्रण जोरात पिळल्यावर एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर. धार लागली तर फांदी कुजणार, आणि वर चिलटं येतील ती वेगळीच.

पेन्सिलीने भोक पाडून मगच फांदी आत सोडायची, म्हणजे देठाला लावलेली आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) पावडर घासून जात नाही. टोकाच्या अर्ध्या इंचाला पावडर पुरते, जास्तीची झटकायची. पाण्याच्या पद्धतीत ही पावडर वापरण्यात अर्थ नाही, ती विरघळून जाते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते तेव्हा वरून पारदर्शक पिशवी घालायची आणि रोज पाच-दहा मिनिटं उघडायची. पावसाळ्यात पिशवी नको, बुरशी धरते.

मुळं दिसत नाहीत ही कोकोपीटविरुद्धची तक्रार मात्र रास्त आहे. नवं पान फुटलं म्हणजे मूळ आलं असं नाही. जास्वंद आणि गुलाब देठातल्या साठ्यावर कोंब काढतात आणि मग अचानक वाळतात. यावर तोड सोपी: तळाला चार भोकं पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास. कडेला पांढरी मुळं दिसेपर्यंत फांदी उपटून बघायची नाही. ॲग्लोनेमाला साधारण तीन-चार आठवडे लागतात, जास्वंद आणि मोगऱ्याला चार ते सहा.

स्फॅग्नम मॉसही (ओल धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) मिळतं, पण ते महाग पडतं आणि आपल्या पावसाळ्यात लवकर आंबतं. ऑर्किडवाल्यांनी वापरावं.

घरात पुदिना-कोलियसच लावायचे असतील किंवा फांद्या हव्या तेवढ्या मिळत असतील तर पाणी पुरेसं आहे, कोकोपीट धुण्याचा खटाटोप कशाला? फांदी एकुलती एक असेल, किंवा देठ लाकडी असेल, तर मी तरी बाटलीच्या वाटेला जाणार नाही. स्नेक प्लांटचं पानही कोकोपीटमध्येच बरं. फक्त पिवळ्या काठाचं पान लावलंत तर नवी रोपं निव्वळ हिरवी येतात, ती पद्धतीची चूक समजू नका. पिवळा काठ टिकवायचा तर कंदाचा फुटवाच वेगळा करावा लागतो.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतं. मुळं ग्लासच्या कडेला दिसू लागल्यावर फार रेंगाळू नये. गोळा न झटकता, आहे तसा पाच-सहा इंची कुंडीत बसवावा आणि खत नवी पानं धरेपर्यंत देऊ नये.