फोल्डिंग सायकल: गिअर नव्हे, दाते मोजा

फोल्डिंग सायकलवर ‘७ गिअर’ ठळक छापलेलं असतं आणि दुकानदारही तेवढंच सांगतो. मागच्या चाकावरच्या चकत्यांना किती दाते आहेत, असं विचारलं की बिचारा खाली बसून मोजायला लागतो. मोजू द्या.

माझ्या २० इंचीला पुढे ५२ दाते आणि मागे १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील (चाकावर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच) होतं. मागे दाते जितके कमी, तितका गिअर जड. म्हणजे सगळ्यांत जड गिअर सगळ्यांत हलक्याच्या बरोबर दुप्पट. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या साध्या तीन गिअरच्या हबमध्येही (यात गिअर चाकाच्या मधल्या तुंब्यात बंद असतात) हा पल्ला पावणेदोन पट असतो! मग सात कशाला? कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना २८ वरही गुडघे कुरकुरतात आणि परतीच्या उतारावर १४ वर पाय नुसते गरगरतात. चाकच लहान, १४ वरही पेडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम पावणेसहा मीटर जाते.

शेवटी मागचं चाक फ्रीहबवर (कॅसेट चढवता येईल अशा हबवर) नव्याने बांधून घेतलं आणि शिमानोची आठ गिअरची ११ ते ३२ दात्यांची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवली. आता हलक्यात एका फेरीला अडीच मीटर, जडात सात मीटरच्या वर. चढ बसून निघतो. हब घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या फटीचं माप घ्या. १३० मिमीच्या फ्रेमीत १३५ चा हब रेटून बसवणारे महाभाग आहेत.

डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सरकवणारा भाग, लांब पिंजऱ्याचा (साखळी ताणून धरणाऱ्या लांब दांड्याचा) नको. लहान चाकावर तो रस्त्याच्या फार जवळ लोंबतो आणि आपले स्पीडब्रेकर तर माहीतच आहेत. पुढे एकच चकती असेल तर तेवढ्या लांबीची गरजही नसते. ३२ दाते पेलणारा आखूड किंवा मध्यम पिंजरा बघा.

शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा हँडलवरचा खटका, मी रॅपिडफायर घेतला. अंगठ्याने एकदा नेट लावून दाबलं की दोन-तीन गिअर एकदम हलके होतात. मूठ फिरवायचा रेव्होशिफ्ट घडी घातल्यावर कमी अडतो, हे खरं. पण पावसात ओल्या हाताने मूठ पिळत बसायचा मला कंटाळा आहे. केबलचं आउटर (बाहेरचं आवरण) कापण्याआधी मात्र मेकॅनिकसमोर सायकलची पूर्ण घडी घालून दाखवा. हँडलची दांडी वाकते तिथे मोकळा वळसा नसेल तर केबल ताणली जाते आणि गिअरचं सेटिंग बिघडतं.

वाटेत हा चढ नसता, तर मी तीन गिअरचा हब घेऊन मोकळा झालो असतो. सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलता येतो, आणि बाहेर लोंबणारं काही नाही. मुंबईत स्टेशन ते ऑफिस सपाटीवर चालवणाऱ्यांनी तोच घ्यावा.