एअरसॉफ्ट रायफलीतील ऑप्टिकल ट्रिगर : काही महिन्यांच्या वापरानंतर

एअरसॉफ्ट हा खेळ महाराष्ट्रात अजून फारसा रुजलेला नाही. मी इंग्लंडमध्ये राहत असल्याने रविवारी जंगलातल्या मैदानावर जाऊन तो खेळता येतो. म्हणून माझ्या रायफलीत बसवलेल्या ऑप्टिकल ट्रिगरचा, म्हणजे चाप ओढल्याचे प्रकाशकिरणाने ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटचा, अनुभव सांगण्यापूर्वी यंत्राची थोडी ओळख करून देतो. दिसायला खऱ्या बंदुकीसारखी, पण ६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी हवेच्या दाबाने फेकणारी प्रतिकृती म्हणजे एअरसॉफ्ट रायफल. तिच्या विजेवर चालणाऱ्या प्रकारात बॅटरी मोटर फिरवते, मोटर तीन गिअर फिरवते, शेवटचा गिअर पिस्टनला मागे ओढून स्प्रिंग दाबतो, आणि सुटलेला पिस्टन हवेचा झोत गोळीमागे सोडतो. टोकियो मारुई या जपानी कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी लोकप्रिय केलेली ही रचना आज बहुतेक उत्पादक वापरतात. माझ्या एम-फोर रायफलीत तिचीच ‘व्हर्जन टू’ नावाची गिअरबॉक्स आहे, आणि ट्रिगर युनिटांचे बहुतेक उत्पादक पहिले मॉडेल याच गिअरबॉक्ससाठी काढतात.

मूळ रचनेत चाप ओढल्यावर तांब्याचे दोन संपर्क एकमेकांना टेकतात आणि मोटरला लागणारा सगळा प्रवाह त्यांच्यातूनच जातो. स्प्रिंग दाबली जात असताना हा प्रवाह २० अँपिअरच्या आसपास सहज पोहोचतो. संपर्क जुळताना आणि सुटताना ठिणगी उडते, तांबे जळते, त्यावर काजळी धरते, आणि एक दिवस चाप ओढूनही रायफल गप्प राहते. जुन्या स्कूटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासून पुन्हा किक मारणाऱ्या पिढीला हा आजार वेगळा समजावून सांगायला नको. ७.४ व्होल्टच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर हे हळूहळू घडते, ११.१ व्होल्टची बॅटरी जोडली की संपर्कांचे आयुष्य डोळ्यांदेखत कमी होते.

दुसरी अडचण अधिक चीड आणणारी होती. एकेक गोळी झाडण्याच्या स्थितीत, म्हणजे ‘सेमी’मध्ये, गिअरवरचा उंचवटा एक छोटी पट्टी उचलतो आणि ती पट्टी संपर्क तोडते. बॅटरी उतरलेली असेल किंवा चाप अर्धवट ओढला गेला, तर गिअर मध्येच थांबतो, पट्टी उचललेलीच राहते आणि पुढची गोळी सुटत नाही. मग सिलेक्टर, म्हणजे झाडण्याची पद्धत निवडणारी कळ, ‘ऑटो’वर (सलग गोळ्यांवर) नेऊन एक झड सोडली की गाडी पुन्हा रुळावर येते. ज्या मैदानांवर इमारतींच्या आत फक्त सेमी चालते, तिथे हा उपाय नियमात बसत नाही आणि खेळाडू समोरच्याकडे बघत उभा राहतो.

ऑप्टिकल ट्रिगरमध्ये या दोन्ही गोष्टींचे मूळच काढून टाकलेले आहे. चाप आता कोणताही प्रवाह जोडत नाही. तो फक्त एका प्रकाशकिरणाच्या आड येतो. सेन्सर ते टिपतो आणि बोर्डवरचा मॉस्फेट, म्हणजे ठिणगीविना चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, मोटरचा प्रवाह सुरू करतो. दुसरा सेन्सर गिअरचे फिरणे मोजत असतो, त्यामुळे एक फेरी पुरी झाल्याशिवाय मोटर थांबत नाही आणि पुरी झाल्यावर पुढे धावत नाही. फेरी पुरी होणे आता बोटाच्या चपळाईवर अवलंबून राहत नाही. सेमी अडकण्याचा प्रकार युनिट बसवल्यापासून माझ्याकडे झालेला नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही मी हा खर्च पुन्हा करेन.

खर्च मात्र थोडाथोडका नाही. पूर्ण ऑप्टिकल युनिटला इथे बरेच पैसे मोजावे लागतात, तर मूळ संपर्क तसेच ठेवून त्यांच्यावरचा भार उचलणारा साधा मॉस्फेट त्याच्या बऱ्याच कमी किमतीत मिळतो. ज्यांना फक्त काजळीचा त्रास आहे आणि जे ७.४ व्होल्टवर समाधानी आहेत, त्यांना साधा मॉस्फेट पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवण्याचे काम विक्रेते सांगतात तितके सोपे नाही. गिअरबॉक्स बाहेर काढून, स्प्रिंगचा ताण उतरवून, कवच उघडावे लागते. जुने संपर्क, सरकणारा ट्रॉलीचा भाग आणि ती कट-ऑफ पट्टी काढून टाकावी लागते. सिलेक्टर प्लेटवर सेन्सरला ओळखता येईल असा स्टिकर लावावा लागतो. खरा वेळ जातो तो गिअरच्या बाजूंना पातळ वॉशर घालून त्यांची डुगडुग काढण्यात, ज्याला इथे शिमिंग म्हणतात. मूळ रचना गिअरची थोडीफार ढिलाई निमूटपणे सहन करते. सेन्सरला तिच्याशी जुळवून घेता येत नाही, कारण गिअर डावी-उजवीकडे हलला की मोजणी चुकण्याची शक्यता निर्माण होते. चापाचेही तसेच आहे. तो आडवा हलत असेल, तर किरण कधी लवकर तर कधी उशिरा अडतो आणि चापाची संवेदनशीलता कितीही बारकाईने ठरवली तरी बोटाला एकसारखेपणा जाणवत नाही. त्यामुळे स्वस्त, कारखान्यातून जशी आली तशी चालवलेली गिअरबॉक्स असेल, तर पैसे आधी शिमिंग, चांगले बेअरिंग आणि निओडिमियम चुंबकाची मोटर यांवर घालावेत.

ग्रीसचा हात आखडता ठेवावा. गिअरवरून उडालेला ग्रीसचा थेंब सेन्सरवर बसला, की युनिट आंधळे होते. तारांसाठी मी १६ गेजची सिलिकॉन आवरणाची तार आणि मिनी टामियाऐवजी टी-प्रकारचा कनेक्टर वापरला. पिस्तूल ग्रिपमध्ये मोटरच्या शेजारून जाणारी तार चिमटली जाणार नाही, हे कवच बंद करण्यापूर्वी दोनदा पाहावे.

सेटिंग्ज भरपूर आहेत आणि त्यांपैकी निम्म्या हौसेच्या आहेत. तीन गोळ्यांचा बर्स्ट मी गंमत म्हणून चालू केला आणि बंद केला. प्री-कॉकिंग, म्हणजे गोळी सुटल्यावर स्प्रिंग अर्धवट दाबून थांबणे, याची जितकी स्तुती होते तितकी मला पटलेली नाही. पुढची गोळी लवकर सुटते हे खरे आहे. पण गिअरला मागे फिरू न देणाऱ्या खिटीवर सतत ताण राहतो आणि मैदानातून विश्रांतीच्या जागेत जाताना रायफल अर्धी ताणलेली असते. चांगली मोटर आणि ११.१ व्होल्टची बॅटरी असताना त्यातून मिळणारा फायदा माझ्या बोटाला क्वचितच जाणवला. अ‍ॅक्टिव्ह ब्रेक मात्र हलक्या स्प्रिंगला उपयोगी आहे. मोटरची दोन टोके क्षणभर जोडून तो तिला जागीच थांबवतो. बदल्यात मोटर अधिक तापते आणि तिचे ब्रश लवकर झिजतात. मी तो सर्वांत खालच्या पातळीवर ठेवला आहे.

सर्वांत कमी बोलले जाणारे आणि मला सर्वांत मोलाचे वाटणारे वैशिष्ट्य म्हणजे बॅटरीचे रक्षण. लिथियम-पॉलिमरचा एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याचे नुकसान होऊ लागते, आणि खेळाच्या भरात ते कोणाच्याच लक्षात येत नाही. युनिट ठरवलेल्या व्होल्टेजला आधी इशारा देते, मग बंद पडते. गिअर अडकून प्रवाह वाढला तरी ते मोटरचा प्रवाह तोडते.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. जुने संपर्क मैदानावर खिशातल्या पॉलिश पेपरने घासता येत होते. बोर्ड गेला तर त्या दिवसाचा खेळ संपला. पावसाळी हवामानात मी संध्याकाळी गिअरबॉक्स कोरड्या जागी ठेवतो, आणि दुसरी रायफल गाडीत असते.

कायद्याबाबत एक गोष्ट नव्या खेळाडूंनी ध्यानात घ्यावी. इथे २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम अ‍ॅक्टने एअरसॉफ्टसाठी ऑटो चालणाऱ्या रायफलीला १.३ जूल आणि एकेक गोळीच झाडणाऱ्या रायफलीला २.५ जूल अशी मर्यादा ठरवली आहे. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० फूट वेगाने गेली तर तिची ऊर्जा सुमारे १.१४ जूल भरते, म्हणून वन-मैदानांवर हा आकडा वारंवार ऐकू येतो. युनिटमध्ये ऑटो बंद करता येते. परंतु ते एका मिनिटात पुन्हा चालूही करता येते, त्यामुळे ‘मी सेमीवर कुलूप घातले आहे’ असे सांगून मोठ्या स्प्रिंगची रायफल क्रोनोग्राफपुढे, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रापुढे, ठेवू नये. मी माझी स्प्रिंग १.१ जूलच्या आसपासच ठेवली आहे आणि गोळीचे वजन बदलले की वेग पुन्हा मोजून घेतो.