गाडीच्या मिसिंगपायी साडेसत्तावीस हजार घेतले आणि इंजेक्टर जुनेच ठेवले, गाडीवाल्यांनो वाचा

पेट्रोल गाडी मिसिंग करायली असंल आणि गॅरेजवाला स्कॅनर लावून लगेच "इंजेक्टर (सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे) गेले, ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) बी गेलाय" म्हणायला लागला, तर त्याला एक रुपया द्यायच्या आधी हे वाचा. लातूरमधल्या एका गॅरेजनं माझ्याकडून साडेसत्तावीस हजार घेतले, बिलात चार नवीन इंजेक्टर लावले आणि गाडीत एकबी लावला नाही. गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे, पण पद्धत सांगतो, कारण हीच पद्धत अजून कितीजणांवर वापरली असंल देव जाणे.

झालं असं की अंबाजोगाईला जायलो होतो, गाडी चार सिलिंडरची पेट्रोल, एसी चालू, घरचे सगळे आत. रेणापूरच्या पुढं पिकअप एकदम गेला, गाडी थरथर कापायली आणि चेक इंजिनचा लाईट ब्लिंक मारायला लागला. वळवून हळूहळू लातूरला आणली आणि गॅरेजला लावली. त्या माणसानं स्टीअरिंगच्या खालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, स्क्रीन माझ्यापुढं धरली, पी ०३०३. म्हणला, "साहेब तिसरा सिलिंडर मेलाय, इंजेक्टर चोक झालेत, एक बदलून भागत नाही सेट टाकावा लागतो, अन् ईसीएममधून त्याचा सप्लायच बंद झालाय, आज नाही केलं तर इंजिन उतरवावं लागंल." स्क्रीनवर खराखुरा कोड दिसतोय, घरचे बाहेर बाकड्यावर बसलेत, अशा वेळी माणूस काय करणार? इंजेक्टरचे १४,०००, ईसीएम रिपेअरचे ९,५००, मजुरी ४,०००. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही, खाली नुसती सही.

आता मेन गोष्ट. तो कोड खोटा नव्हता, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, तिथलं पेट्रोल नीट जळत नाही, बास, एवढंच. इंजेक्टरचं नाव त्यात कुठंच नाही. एखाद्या सिलिंडरनं दगा दिला की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो, क्रँक सेन्सर ते पकडतो आणि कंप्युटर सिलिंडरचा नंबर लिहून ठेवतो. पी ०३०१ पहिला, पी ०३०२ दुसरा असं चौथ्यापर्यंत, आणि पी ०३०० आला तर मिसफायर एका जागी नाही, इकडंतिकडं होतोय, मग फ्युएल प्रेशर, कुठून हवा ओढतेय का, पेट्रोल खराब आहे का हे बघावं लागतं. थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया का टायफॉइड ते सांगत नाही, तसंच आहे हे. तिसऱ्यात ठिणगी नाही, का पेट्रोल नाही, का कॉम्प्रेशन नाही, हे माणसानं शोधायचं असतं, आणि त्यानं शोधलंच नाही.

सकाळी थंड गाडी हातात दिली, मक्खन चालली. गावातल्या गावात काही दिवस काहीच नाही. मग निलंग्याकडं जाताना गाडी तापली, ओव्हरटेकला पाय दाबला आणि परत तेच, तोच लाईट. गॅरेजला फोन केला तर म्हणला आता पेट्रोलमध्ये कचरा असंल, टाकी उतरवू, सात-आठ हजार लागतील.

तिथनं गाडी सरळ उदगीरच्या चाचांकडं नेली, वडिलांच्या जीपच्या काळापासून ते आमचे मिस्त्री. त्यांनी आधी विचारलं, "बेटा, लाईट नुसता पेटतो का ब्लिंक मारतो?" ब्लिंक म्हणल्यावर म्हणले अशी गाडी दामटायची नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून खलास होतो आणि मग खरा मोठा खर्च निघतो. मग त्यांनी काय केलं, तिसऱ्या सिलिंडरची कॉईल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) काढून पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसला आणि गाडी गरम करून लोडवर पळवली. स्कॅनर लावला तर पी ०३०१! कॉईलसोबत दोष पहिल्यावर गेला आणि चांगली कॉईल मिळाल्याबरोबर तिसरा सिलिंडर ठणठणीत चालला. म्हणजे तिसऱ्याचा इंजेक्टर चांगला, वायरिंग चांगलं, ईसीएमबी चांगला. ह्याला खर्च शून्य, एक पाना आणि थोडा वेळ.

कॉईल उजेडात धरून दाखवली. रबरी नळीच्या वरच्या अंगाला केसासारखी बारीक चीर आणि तिच्यावर राखाडी रेघ, ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथनंच बाजूच्या लोखंडात उडायली. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं, रॉकर कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट झिरपत होतं आणि त्या ऑइलनंच रबर फुगून गेलेलं. गाडी थंड असताना, हलक्या पायावर ही कॉईल काम भागवते, पण लोड आला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि ती चिरेतून पळते. गावात नीट आणि हायवेला बोंब, त्याचं कारण हे. कोड पुसून सकाळची थंड गाडी हातात देणाऱ्याला हे माहीत नसंल असं मला अजिबात वाटत नाही.

आणि मग चाचा गप्पच झाले, टॉर्च घेतली आणि फ्युएल रेलवर (इंजेक्टरला पेट्रोल पुरवणारा पाइप) मारली. रेलच्या बोल्टावर वर्षानुवर्षांची माती तेलात बसून घट्ट झालेली, पाना लागल्याचा एक ओरखडा नाही. इंजेक्टरच्या क्लिपा धुळीनं भरलेल्या. रेल उतरवली तर इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंग जुन्या, कडक झालेल्या. नवीन इंजेक्टर टाकला तर ओ-रिंग नवीन असणारच ना! मी उतरवायच्या आधीचे आणि नंतरचे सगळे फोटो, व्हिडिओ काढून घेतले. एक कॉईल, चार प्लग, गॅस्केट, मजुरी, सगळं मिळून चार हजारांच्या आत काम झालं. हायवेला तशीच दामटून बघितली, लाईट परत आला नाही.

म्हणून सांगतो, मिसिंगचं काम काढलं की मिस्त्रीला म्हणा आधी कॉईल अदलाबदल करून दाखव, कोड हलला का बघू. नाही हलला तर प्लग अदलाबदल, मग वायरिंग (शेतात, गोठ्यापाशी गाडी उभी राहत असंल तर उंदरानं कुरतडलंय का ते तर आधीच बघा, पावसाळ्यात आपल्याकडं हे लई होतं), मग इंजेक्टर, आणि कशातच काही नाही निघालं तर कॉम्प्रेशन टेस्ट. जो हे करायला टाळाटाळ करतो आणि थेट ईसीएमवर उडी मारतो तिथनं गाडी काढा, टो करून न्यावी लागली तरी चालंल. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीचे कोड वाचणारा) हजाराच्या आत मिळतो, मोबाईलवर कोड दिसतो, तो डिकीत ठेवा. जुने पार्ट काम सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा, नंतर मागितले की "भंगारात गेले" हे उत्तर ठरलेलं. बिल जीएसटी नंबरचं घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या.

मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली आणि फोटो जोडले. त्यानंतर गॅरेजवाल्यानं इंजेक्टरचे १४,००० परत दिले, "पोरानं चुकून बिलात टाकलं" म्हणून. ईसीएमचे आणि मजुरीचे द्यायला तयार नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत दाखल करता येते. तक्रारीसोबत ती कच्ची पावती, ऑनलाईन पेमेंटचा स्क्रीनशॉट, रेलच्या बोल्टांचे फोटो आणि चाचांनी सही करून दिलेला कागद लावलाय. चिरलेली कॉईल पिशवीत बांधून घरी ठेवलीय, मागितली तर आयोगापुढं ठेवणार.