जास्त कमाईला जास्त दर? मत बनवण्याआधी हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहा

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर फेब्रुवारीचं पगारपत्रक काढून बघा. एरवी महिन्याला २०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर त्या महिन्यात ३०० झालेला असतो. वर्षाचे झाले २,५००. आमच्या ऑफिसात महिना अठरा हजारांवर काम करणाऱ्या शिपायाचे तेवढेच कापले जातात आणि चार लाख घेणाऱ्या साहेबांचेही तेवढेच. शिपायाला तो वर्षाच्या कमाईच्या एक टक्क्याहून जास्त पडतो, साहेबांना टक्क्याचा जेमतेम विसावा हिस्सा.

हा कर १९७५ साली, बहात्तरच्या दुष्काळानंतर, रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून लावला गेला. शहरातल्या पगारदारानं गावाकडच्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, ही कल्पना मला आजही मोठी वाटते. पण राज्यघटनेच्या कलम २७६ नं वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे आणि १९८८ पासून ती तिथंच आहे. पगार कुठल्या कुठे गेले, मोठ्या पगाराचा हिस्सा मात्र वाढला नाही. चढता दर नसला की काय होतं, ते या एका ओळीत दिसतं.

प्राप्तिकराबद्दल मत बनवताना तीन वाटा समोर असतात.

सगळ्यांना एकच दर

या वाटेचा मोठा गुण म्हणजे सोपेपणा. रशियानं २००१ मध्ये सरसकट १३ टक्के दर लावला, तेव्हा जगभर त्याचं कौतुक झालं. २०२१ मध्ये त्यांनीच वरच्या कमाईला १५ टक्के केले आणि २०२५ पासून तिथं १३ ते २२ टक्क्यांचे पाच टप्पे आहेत. स्लोव्हाकियानंही २००४ चा १९ टक्क्यांचा एकच दर २०१३ मध्ये सोडला. बल्गेरियात १० टक्के अजून टिकून आहे. एकाच दराचं समर्थन करणारे म्हणतात की दुप्पट कमावणारा दुप्पट कर देतोच, आणखी काय हवं? हे प्राप्तिकरापुरतं खरं आहे. पण आपल्याकडे साबणाच्या वडीवरचा जीएसटी आणि पेट्रोलवरचा कर घेणाऱ्याचं उत्पन्न बघून लागत नाही. सगळी कमाई महिनाअखेर संपणाऱ्या घरावर त्याचा भार जास्त पडतो. तो तोल सावरायला प्राप्तिकराशिवाय दुसरं साधन फारसं नाही, म्हणून ही वाट मला पटत नाही.

वरच्या टप्प्यावर जबर दर

हा प्रयोग आपण करून बसलो आहोत, आणि तोही यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना. १९७१ च्या अर्थसंकल्पानंतर दोन लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के दर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार (सरचार्ज), म्हणजे एकूण ९७.७५ टक्के कर लागू झाला. दोन लाखांच्या वर आणखी शंभर रुपये मिळवले, तर हातात राहायचे सव्वादोन. वर संपत्ती कर वेगळा. प्रामाणिकपणे उत्पन्न दाखवणाऱ्याचं त्यात काय होणार? प्रत्यक्ष करांच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या वांच्छू समितीनं स्पष्ट सांगितलं की इतके चढे दर हेच करबुडवेगिरीचं मोठं कारण आहे, कमाल दर ७५ टक्क्यांवर आणा. १९७४ मध्ये चव्हाणांनीच तो ७७ वर आणला. पुढे १९८५ मध्ये ५०, १९९२ मध्ये ४० आणि १९९७ मध्ये ३० असा तो उतरत गेला. श्रीमंतांवर कर लावायचा म्हणजे दर चढवत न्यायचा, असं वाटणाऱ्यांनी ही दोन-चार वर्षं जरूर आठवावीत.

आजचे टप्पे आणि त्यावरचा सरचार्ज

२०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत शून्य, मग ५ टक्क्यांपासून चढत २४ लाखांवर ३० टक्के. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळत असल्यानं पगारदाराला त्याची ठरावीक वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. ३० टक्क्यांत गेलो म्हणजे सगळ्या पगारावर ३० टक्के, ही भीती अजून पुष्कळांच्या मनात असते. तसं नाही. ३० लाख करपात्र उत्पन्नावर उपकर धरून ४,९९,२०० रुपये होतात, म्हणजे १६.६ टक्के. ५० लाखांवर १०, एक कोटीवर १५ आणि दोन कोटींवर २५ टक्के सरचार्ज लागतो. तो उत्पन्नावर नव्हे, तर येणाऱ्या करावर. अगदी वरच्या रुपयावर त्यामुळे उपकर धरून ३९ टक्के पडतात. २०१९ मध्ये हा आकडा ४२.७४ होता, २०२३ मध्ये नव्या पद्धतीत खाली आणला.

इथवर सगळं रीतसर वाटतं. आता दोन माणसं शेजारी उभी करू. एकाचा करपात्र पगार सहा कोटी. त्याला कर येतो सुमारे २ कोटी २८ लाख. दुसऱ्यानं जुने शेअर विकून तेवढाच, सहा कोटींचा, नफा कमावला. दीर्घ मुदतीच्या या भांडवली नफ्यावर दर साडेबारा टक्के आणि सरचार्ज १५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्याला कर येतो सुमारे ८९ लाख, म्हणजे १५ टक्क्यांच्या आत-बाहेर. वरच्या ३० लाखवाल्या नोकरदाराहूनही कमी दर! मला ही गोष्ट मनापासून खुपते. शेअरवाल्यांची बाजूही आहे: कंपनीनं नफ्यावर आधीच सुमारे २५ टक्के कर भरलेला असतो, शिवाय महागाईनं वाढलेली किंमत ही खरी कमाई नव्हे. पहिला मुद्दा काही अंशी मान्य. दुसऱ्यासाठी महागाईची वजावट देता येईल, सवलतीचा दर कशाला?

बड्या उत्पन्नाचे लोक दर वाढला की दुबईला जातील, हे नेहमी ऐकू येतं. तिथं पगारावर प्राप्तिकर नाही, तेव्हा काही जातीलही. पण ३९ आणि शून्य यातलं अंतर आपण ३५ वर आलो तरी उरतंच. त्या भीतीनं किती खाली यायचं?

माझा कौल चढत्या दरांनाच आहे. मात्र पगारावरचा दर ३९ च्या वर न्यायची मला घाई नाही. आधी पगार आणि शेअरचा नफा यांना एका मापानं मोजा. शेतीच्या उत्पन्नाला वरची मर्यादा नसलेली सूटही त्याच मापात बसवा. चार एकरवाल्याला त्याची झळ बसणार नाही, कारण त्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या पुष्कळ खाली असतं. आणि सरचार्ज काढून त्याच्या जागी सरळ ३५ नि ४० टक्क्यांचे टप्पे करा. भरणाऱ्याला फरक फारसा पडणार नाही, पण राज्याला पडेल. सरचार्जचा पैसा केंद्राकडेच राहतो, राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या निधीत तो येत नाही. तोच पैसा नेहमीच्या प्राप्तिकरात आला, तर राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या वित्त आयोगाच्या हिशेबानं त्यातले शंभरातले ४१ रुपये राज्यांकडे येतील. रोजगार हमीच्या कामांवरची मजुरी वेळेवर निघायला तेही पैसे लागतात.