भातखंड्यांची क्रमिक पुस्तके : गुरूवाचून शिकणाऱ्याच्या हाती

गेली दोन वर्षे मी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तकमालिके’चे पहिले तीन भाग घरातली जुनी पेटी, मोबाइलवरचा तानपुरा आणि पन्नाशी उलटलेला ओबडधोबड आवाज एवढ्या सामग्रीवर वापरून पाहत आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या भजनी मंडळात मागे बसून झील धरण्यापलीकडे माझी गाण्याशी ओळख नव्हती. त्यामुळे हे परीक्षण जाणकाराचे नव्हे. ‘सा’ कुठे लावायचा हेही विचारून घ्यावे लागणाऱ्या माणसाचे आहे. तिन्ही भाग मला माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर ४५० रुपयांना मिळाले.

भातखंडे मुंबईचेच. १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेला हा वकील १८८४ मध्ये पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाला, तिथे त्याने शेकडो धृपदे आणि ख्याल शिकून घेतले, आणि पुढे वकिली सोडून उरलेले आयुष्य देशभरच्या गवयांकडून चिजा, म्हणजे रागात बांधलेली गीते किंवा बंदिशी, मिळवून त्या कागदावर उतरवण्यात घालवले. त्या काळी बंदिश ही घराण्याची ठेव होती आणि ती मुलाला किंवा गंडाबंध (धागा बांधून रीतसर शिष्य केलेल्या) शागीर्दालाच मिळे. ही ठेव ज्याला अक्षरओळख आहे अशा कोणाच्याही हाती द्यायची, हा या सहा भागांमागचा उद्देश आहे. शेवटचे दोन भाग १९३६ मधील त्यांच्या निधनानंतर बाहेर आले. सगळे मिळून अठराशेहून अधिक बंदिशी या मालिकेत आहेत. मी त्यांपैकी चाळीसेक गाऊन पाहिल्या असतील.

भातखंड्यांची स्वरलिपी, म्हणजे स्वर कागदावर लिहिण्याची खूणपद्धत, शिकायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातही बराचसा वेळ चर्नी रोडहून अंधेरीला जाणाऱ्या गाडीत, गर्दीच्या उलट दिशेने प्रवास असल्यामुळे मिळणाऱ्या खिडकीजवळच्या जागेवर, मांडीवर बोटांनी तीनतालाच्या सोळा मात्रा मोजण्यात गेला. लिपी खरोखरच सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र (खालच्या) सप्तकासाठी खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकासाठी वर टिंब. एका मात्रेत एकाहून अधिक स्वर असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी कमान. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी न द्यायच्या मात्रेला) शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. कंसातला ‘सा’ दिसला की तो ‘रे सा नि सा’ असा म्हणायचा, एवढी एक गोष्ट मात्र मला दोनदा वाचावी लागली. पहिल्या भागात यमन, बिलावल, खमाज, भैरव अशा दहा आश्रयरागांतील (ज्यांच्या नावाने रागांचे दहा गट ओळखले जातात त्या रागांतील) सोप्या सरगमी आणि लक्षणगीते आहेत. लक्षणगीत म्हणजे रागाचे वादी (मुख्य), संवादी (त्याच्या खालोखालचा), वर्ज्य (न लागणारे) स्वर त्याच रागात गाऊन सांगणारी रचना. भातखंड्यांनी अशी अनेक गीते ‘चतुर’ या नावाने स्वतः रचली. पाठांतराला कंटाळणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यासाठी याहून चांगली युक्ती मला सुचत नाही, कारण राग आणि त्याचे व्याकरण एकाच वेळी तोंडात बसते.

इथे एक तुलना करण्याचा मोह होतो. इंग्लंडमध्ये जॉन करवेन या धर्मोपदेशकावर १८४१ साली रविवारच्या शाळांतील मुलांना आणि प्रार्थनेला येणाऱ्या साध्या लोकांना गायला शिकवण्याची सर्वांत सोपी रीत शोधण्याचे काम सोपवले गेले, आणि त्याने नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धत सुधारून ‘टॉनिक सोल्फा’ रूढ केली. पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या पाच रेघांच्या ऐवजी साधी अक्षरे, आणि पहिला स्वर गाणाऱ्याच्या सोयीने हवा तिथे धरायचा, आपल्या ‘सा’सारखाच. साध्या छापखान्यातल्या खिळ्यांनी ते छापता येई, म्हणून ते स्वस्त पडले आणि म्हणूनच पसरले.

छपाईचा मुद्दा काढण्याचे कारण असे की माझी खरी तक्रार तिथेच आहे. माझ्याकडील तिसरा भाग कुठल्याशा जुन्या प्रतीवरून पुन्हा छापलेला दिसतो आणि त्यात अक्षरांखालच्या खुणा धुऊन निघाल्यासारख्या झाल्या आहेत. साध्या मजकुरात एखादे टिंब गेले तरी वाचक अंदाजाने पुढे जातो. इथे टिंब गेले की स्वर एका सप्तकाने वर चढतो, आणि रेघ गेली की राग बदलतो. भीमपलासी रागाचा आरोह (चढता स्वरक्रम) मंद्रातल्या कोमल निषादावरून उठतो, म्हणजे एकाच ‘नि’खाली रेघ आणि टिंब दोन्ही हवीत, आणि तो स्वर जोडमात्रेत असेल तर त्याखाली कमानही. माझ्या प्रतीत या तिन्हींचा मिळून एक काळा ठिपका झाला आहे. शुद्ध निषाद लावून मी आठवडाभर जे काही गात होतो त्याला काय म्हणावे हे मला आजही ठाऊक नाही; ते चूक आहे हे शेजारच्या खोलीतल्या आजींनी भिंतीपलीकडून सांगितले. पहिला भाग वेगळ्या छपाईचा आहे आणि त्यात ही अडचण एकदाही आली नाही.

गवई व संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी ही याच बाजारातली दुसरी वस्तू, आणि ती मी एका मित्राच्या पुस्तकातून चाळली आहे. त्यात एक, अर्धी, पाव मात्रा अशा प्रत्येक कालावधीला स्वतंत्र चिन्ह आहे, त्यामुळे लय अधिक काटेकोर लिहिता येते. पण मंद्रासाठी टिंब वर आणि तारासाठी उभी रेघ, हा क्रम भातखंड्यांच्या नेमका उलट वाटतो आणि दोन्ही पुस्तके एकदम वापरणाऱ्याची हमखास फजिती होते. नवशिक्याने एकच निवडावी. मी भातखंड्यांची निवडली, ती पान डोळ्यांना मोकळे दिसते म्हणून.

पुस्तकातून काय मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) स्वरांवर कमान आहे, कणस्वर (मुख्य स्वराला लागून जाणारे ओझरते स्वर) बारीक अक्षरात डोक्यावर बसवले आहेत. तरीही यमनचा गंधार किती वेळ आणि किती सावकाश धरायचा, किंवा भैरवाच्या कोमल ऋषभाला किती झोका द्यायचा, हे पानावर नाही आणि बहुधा असू शकतही नाही. तालीम मिळालेले लोक या पुस्तकांना सांगाडा म्हणतात ते खोटे नाही. माझा अनुभव एवढाच की सांगाडा आधी पाठ असला म्हणजे तीच चीज मैफलीत किंवा ध्वनिमुद्रिकेत ऐकताना गवयाने कुठे काय भरले ते प्रथमच कानाला कळू लागले. पूर्वी दादरच्या मैफलींत मी समेला मान डोलावत असे, ती बहुतेक वेळा शेजाऱ्याची पाहून.

दुसऱ्या भागात त्याच दहा रागांतले मोठे ख्याल, धृपदे आणि धमार येतात. माझ्यासारख्याने तो तूर्त बाजूला ठेवून पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जावे, कारण भूपाली, बिहाग, देस, बागेश्री, मालकंस असे कानावरून गेलेले पंधरा राग तिथे आहेत. जुनी प्रत घ्यायची असेल तर पदपथावर उभ्याउभ्याच भीमपलासीचे पान उघडावे, ते उजेडाकडे धरावे, आणि ‘नि’खालची रेघ व टिंब वेगवेगळी दिसत असतील तरच भावाची घासाघीस सुरू करावी.