उभ्या गाडीचं डिझेल : आयडलिंग अलार्म, सात महिन्यांनंतर

माझे दोन ट्रेलर पिंपळगाव बसवंतहून न्हावा शेव्याला कांद्याचे कंटेनर नेतात. जीपीएसवाल्याने गळ घातली म्हणून सात महिन्यांपूर्वी दोन्ही गाड्यांना आयडलिंग अलार्म बसवला. गाडी उभी आणि इंजिन पाच मिनिटं चालू राहिलं, की केबिनमध्ये बझर वाजतो आणि मोबाईलवर मेसेज येतो. इंजिन आपोआप बंद होत नाही, आणि तेच बरं. बीएस-६ गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, उभ्याने साफ होत असताना इंजिन मध्येच बंद पडलं तर नसता ताप.

पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट पाहून झोप उडाली. एक गाडी रोज सरासरी तीन तास उभ्याउभ्या चालू! तासाला दोन लिटर धरा. मी ड्रायव्हरवर तापलो. त्याने काय करावं? बझरमध्ये बोळा कोंबला.

मग एकदा मीच त्याच्यासोबत खेप केली. पोर्टच्या रांगेत म्हटलं, बंद कर. त्याने केली. या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर सुटतात. दहा मिनिटांत हवेचा काटा खाली, रांग हलली तेव्हा ब्रेक सुटेनात, मागून हॉर्न. "शेठ, हवा भरेपर्यंत या शिव्या तुम्ही खा," म्हणाला. वर सेल्फही दुसऱ्यांदा मारल्यावर लागला. म्हणजे गाडी बंद न करण्यात त्याची काही चूक नव्हती. ट्रेलरच्या कपलिंगचे रबर गेले होते, एक ब्रेक चेंबर गळत होता, बॅटऱ्या चार वर्षांच्या. ते सगळं बदललं, तेव्हा कुठे तीन तासांचा सव्वा तास झाला. महिन्याला गाडीमागे सत्तर-ऐंशी लिटर वाचतं, टाकी फुल टू फुल भरून मोजलेलं. कसारा घाट चढून ढाब्यावर थांबला, तर टर्बो निवायला दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवतोच, त्याला मी हरकत घेत नाही.

यंत्राची खोड सांगतो. रांगेत गाडी चार मिनिटांनी दहा फूट सरकली, की त्याची मोजणी पुन्हा शून्यावरून सुरू. त्यामुळे पोर्टवर जाळलेलं डिझेल रिपोर्टमध्ये दिसतच नाही. सर्व्हिसवाल्यांना तीनदा फोन केला, "अपडेट येईल" एवढंच उत्तर.

रात्री केबिनमध्ये झोपताना गारव्यासाठी इंजिन चालू राहतं, त्या उकाड्यावर मात्र इलाज सापडलेला नाही. चोवीस व्होल्टचा पंखा लावून दिलाय. एप्रिलमध्ये उरणच्या बाजूला तो गरम हवाच फिरवतो, आणि मग रात्री दोन वाजता मेसेज आला तरी मी फोन करत नाही.