जुन्या ॲम्बॅसडरचा डायनॅमो आणि अक्कलकोट रोडचे मामा

सोलापुरात अजून कुणाकडे डायनॅमोवाली (म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेली) गाडी असेल आणि ती चार्जिंग करत नसेल, तर अल्टरनेटर, म्हणजे त्याच कामाचं नवं यंत्र, बसवायच्या आधी एकदा अक्कलकोट रोडला घेऊन जा. अशोक चौक सोडून एमआयडीसीकडे निघालं की एमआयडीसीच्या अलीकडे एक पत्र्याची शेड आहे. दारावर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढंच रंगवलंय, नावाची पाटी नाही. मालकांना सगळे मामा म्हणतात, मीही तेच म्हणते.

आमची गाडी मार्क-टू ॲम्बॅसडर, सासऱ्यांनी घेतलेली. त्यांच्या काळात तिच्यातून चादरींचे गठ्ठे जायचे, आता मी चालवते. दुखणं असं होतं की इंजिन कितीही पळवलं तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझायचा नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली असायची. शहरातल्या एका दुकानाने आधी नवी बॅटरी गळ्यात मारली. ती पण उतरली, तेव्हा बॉनेट उघडून नुसतं बघितलं आणि सांगितलं, डायनॅमो गेला, सामान मिळत नाही, अल्टरनेटर टाका. मीटर कुणी हातातही घेतला नाही. आमच्या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, आणि बाजारातला अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थिंगचा. म्हणजे बॅटरीची जोडणी उलटवायची, कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) काढून टाकायचा, ब्रॅकेट नवं करायचं. चालत्या गाडीची एवढी चिरफाड मला मान्य नव्हती.

मामांनी काहीही खोलायच्या आधी विचारलं, “ताई, रेस दिली की दिवा जरा तरी मंद होतो का?” होत नाही म्हटल्यावर त्यांनी फॅनबेल्ट दाबून बघितला, तो बरोबर ताणलेला होता. मग लाल दिव्याचं काम समजावून सांगितलं. हा दिवा बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मधे असतो, दोन्हीकडचा व्होल्टेज सारखा झाला की विझतो. विझतच नाही म्हणजे डायनॅमोकडून काही येत नाही, किंवा येतंय ते वाटेत अडतंय. कुठे, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. “मोजल्याबिगर पाना लावत नाही वो मी,” हे त्यांचं वाक्य. माझ्या मते या दुकानाची खरी किंमत यातच आहे.

त्यांनी डायनॅमोवरच्या डी (वीज बाहेर नेणारी) आणि एफ (आतल्या फील्ड कॉइलची) या दोन्ही वायरी काढल्या, ते दोन्ही टर्मिनल एका तारेने एकत्र जोडले आणि तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावला. आता मधे कटआउट नाही की गाडीचं वायरिंग नाही, डायनॅमो एकटा. इंजिन सावकाश वाढवायचं, काटा 20 व्होल्टकडे गेला की थांबायचं. काटा अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइलवर (चुंबकत्व तयार करणारी गुंडाळी) संशय, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरवर (आतला फिरणारा भाग). आमचा काटा जागचा हललाच नाही. मामा म्हणाले, “मग कार्बन.” म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज बाहेर आणणारे कार्बनचे ब्रश.

डायनॅमो खोलल्यावर तसंच निघालं. एक कार्बन झिजून आखूड झालेला आणि वर होल्डरमधे अडकून बसलेला, त्यामुळे कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) टेकतच नव्हता. कम्युटेटर काळाकुट्ट. तो त्यांनी बारीक काचपेपरने फिरवत फिरवत साफ केला, पेट्रोलच्या फडक्याने पुसला, तांब्याच्या पट्ट्यांमधला वर आलेला अभ्रक हॅक्सॉच्या घासून बारीक केलेल्या पात्याने खाली घेतला. पट्टी पट्टी करत. हे काम मी शेवटपर्यंत उभी राहून बघितलं, घाई नावाला नाही. फील्ड कॉइल मोजली, 6 ओहमच्या आसपास, म्हणजे शाबूत. मागच्या बुशला तेलाचे थेंब सोडले. मापाचे कार्बन तयार मिळाले नाहीत, म्हणून थोडे मोठे आणून कानशीने घासून बसवले. हे चालतं, पण कार्बन होल्डरमधे सुळसुळीत सरकतोय का, ते आपल्या डोळ्यांनी बघून घ्या.

बसवल्यावर त्यांनी एफची वायर सुटी असतानाच बॅटरीच्या निगेटिव्हवरून आणलेली तार त्या टर्मिनलला क्षणभर टेकवली. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असावं लागतं आणि ते गाडीच्या अर्थिंगप्रमाणे योग्य दिशेचं असावं लागतं, नाहीतर सगळं नीट असूनही तो उलटा तयार होतो. डायनॅमो खोलून बसवला की ही टिचकी द्यायचीच, असं मामा म्हणाले. पुन्हा तीच चाचणी घेतली तेव्हा काटा न थरथरता वर चढला. मग कटआउटचे पॉइंट साफ केले, तो 13 व्होल्टच्या सुमारास जोडतो का ते पाहिलं, आणि लाल दिवा विझला.

सगळं मिळून दोन हजारांच्या आत झालं. अल्टरनेटरसाठी मला याच्या कितीतरी पट सांगितलं होतं.

उणं आहेच. पक्कं बिल मिळत नाही, फोन उचलला जाईल याचा भरवसा नाही, आणि शेड उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, त्यामुळे एप्रिल-मेमधे सकाळीच गाठा. बसायला एक स्टूल आहे, मामा ते न मागता पुढे करतात. आजच्या आज गाडी हवी असेल तर इथे जाऊ नका.

नंतर आम्ही अक्कलकोटला जाऊन रात्री हेडलाइट लावून परत आलो. दिवे एकसारखे होते आणि सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. नवी पेठेच्या गर्दीत गाडी उभी असली की लाल दिवा अजून लुकलुकतो. तो दोष नाही, आयडलवर डायनॅमो चार्ज करतच नाही. या लुकास कंपनीच्या डायनॅमोची ताकदच जेमतेम 22 अँपिअर, म्हणून जादा हॉर्न आणि मोठे स्पीकर लावू नका, असं मामांनी बजावलंय. तुम्ही गेलात तर तुमच्या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे त्यांना सुरुवातीलाच सांगा, आणि आधी कुणी वायरिंगला हात लावला असेल तर तेही.